तीन तारे ठाणेदारालाही आणि डीवायएसपी साहेबांनाही, मग मोठं कोण?

पोळ्याच्या बंदोबस्तात तोरणाजवळ दोघं शेजारी उभे दिसले की हा प्रश्न पडतोच. ताऱ्यांच्या खाली, खांद्याच्या कडेला पाहा. लाल-निळी फीत असेल तर ते पोलीस निरीक्षक, म्हणजे बहुतेक मोठ्या ठाण्यांचे ठाणेदार. नुसते तीन तारे, फीत नाही, तर डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक; तेच वरिष्ठ. फौजदाराला दोन तारे आणि तीच फीत. हवालदाराचा हुद्दा खांद्यावर नसतो, बाहीवर तीन फिती असतात. जिल्ह्याच्या एसपींच्या, म्हणजे पोलीस अधीक्षकांच्या खांद्यावर अशोकस्तंभ येतो, सोबत तारा.

१५ ऑगस्टला जिल्ह्याच्या परेडला लेकरांना जरूर न्या. एरवी छातीवर फक्त रंगीत पट्ट्या दिसतात, त्या दिवशी डाव्या बाजूला खरी पदकं लटकतात. परेडचं नेतृत्व करणारा अधिकारी तलवारीनं सलामी देतो. त्यातल्या काही पदकांमागे गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवाद्यांशी लढलेली माणसं आहेत, हे मला लेकरांना सांगावंसं वाटतं.

आणि गावचे पोलीस पाटील? त्यांच्या खांद्यावर तारे नसतात, पण १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं त्यांचं पद पक्कं आहे. गावात काही झालं की पहिली खबर ठाण्याला त्यांचीच जाते.