वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे?

प्रश्न (कुडाळ) : आमचा ऑर्केस्ट्रा गणपतीपासून शिमग्यापर्यंत गावोगावी वाजतो. गिटारचा पूर्ण व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचा, कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) उचलायला दोघे लागतात. थोडा व्हॉल्व्हचा, थोडा ट्रान्झिस्टरचा असा हायब्रिड घ्यायचा विचार आहे, पण दुकानदार म्हणतो, "ना धड व्हॉल्व्ह, ना धड ट्रान्झिस्टर." खरं आहे का?

उत्तर : हायब्रिड या एकाच नावाखाली दोन उलट्या रचना विकल्या जातात, त्यामुळे आधी व्हॉल्व्ह कुठल्या टप्प्यात आहे ते विचारा. १९७०च्या दशकातल्या म्युझिक मॅन ॲम्पमध्ये प्रीॲम्प (गिटारचा सूर घडवणारा पुढचा टप्पा) ट्रान्झिस्टरचा आणि स्पीकर हलवणारा शेवटचा पॉवर टप्पा व्हॉल्व्हचा. १९९०च्या दशकातल्या मार्शल व्हॉल्व्हस्टेटमध्ये नेमकं उलटं : पुढे १२एएक्स७ नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर. ऑरेंजचा मायक्रो टेरर याच दुसऱ्या जातीचा, २० वॅट आणि वजन किलोच्या आत.

तुमच्या कामाला दुसरी जात. कारण आवाजापेक्षा वीज. लांबच्या वाडीत, सगळ्या माळा पेटल्यावर २३०चे १८० व्होल्ट होतात. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट हवेत, तिथे ४.९ पोचतात. पॉवर व्हॉल्व्ह नीट तापत नाहीत आणि ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. उलट, जनरेटर उसळून २६० व्होल्ट झाला की तेच पॉवर व्हॉल्व्ह लाल होऊन बसतात. पुढचा छोटा १२एएक्स७ हे चढउतार बऱ्यापैकी सोसतो. मात्र व्हॉल्व्हस्टेटमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे व्होल्ट उतरले की त्याचीही ताकद उतरणार. ज्याच्या अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलंय त्यालाच फरक कळत नाही. पण त्या अडॅप्टरची पिन हा सगळ्यात कच्चा दुवा : कोणाचा पाय अडकला की गाणं बंद. वायर हँडलला एक वेढा घालून बांधा. त्याच व्होल्टचा, त्याच पोलॅरिटीचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर पिशवीत ठेवा.

आवाजाबद्दल दुकानदार अर्धा बरोबर आहे. पॉवर व्हॉल्व्ह दमल्यावर हाताखाली येणारी लवचिकता इथे पूर्ण मिळत नाही. व्हॉल्व्हस्टेटमध्ये स्पीकरच्या करंटवरून फीडबॅक घेऊन ती काहीशी आणली आहे, खालचा सूर थोडा सैल सुटतो. 'व्हॉल्व्ह नुसता शोभेचा' म्हणत लोक जुना व्हॉल्व्हस्टेट स्वस्तात विकून टाकतात, ते तुमच्या पथ्यावर. २० वॅटच्या मायक्रो टेररचा स्वच्छ आवाज मात्र ड्रमसमोर तोकडा पडतो. स्पीकरसमोर माइक लावून आवाज पीएत (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांत) द्यावाच लागेल.

प्रश्न (मालवण) : पावसाळ्यानंतर हायब्रिड कॉम्बो काढला. वाजवताना आवाज अचानक अर्धा होतो, थाप मारली की परत येतो. व्हॉल्व्ह बदलून पाहिला, फरक नाही.

उत्तर : व्हॉल्व्हचा खर्च बहुतेक फुकट गेला. मागे इफेक्ट्स लूपचे, म्हणजे बाहेरचं इफेक्टचं यंत्र मध्ये जोडायचे, सेंड आणि रिटर्न जॅक असतील. रिटर्नमध्ये काही लावलेलं नसलं की सिग्नल त्या जॅकमधल्या एका पातळ पत्तीतून पुढे जातो. खाऱ्या हवेने ती पत्ती काळवंडते. एक छोटी पॅच कॉर्ड सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज भरून आला तर दोष तिथेच. कार्यक्रम असेल तर कॉर्ड तशीच ठेवून वाजवा, काही बिघडत नाही.

दुरुस्तीसाठी ॲम्पची पिन बोर्डातून काढा. जॅकच्या प्लगवर इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर मारा, दारातल्या बिजागरीचं तेल नव्हे. प्लग आठ-दहा वेळा आतबाहेर करा आणि अर्धा तास वाळू द्या. व्हॉल्व्ह गार झाल्यावर त्याच्या नऊ पिनांनाही तेच करून सॉकेटमध्ये चार-पाचदा बसवा-काढा. तो सरळ ओढायचा, पिरगळायचा नाही. चासी (आतली धातूची पेटी) मात्र उघडू नका, बंद ॲम्पमध्येही कपॅसिटर भरलेले राहतात.

पुढच्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. सुती खोळ घाला आणि आठवड्याला अर्धा तास चालू ठेवा. चुलीवरच्या माळ्यावर कोरडं असतं खरं, पण तिथली काजळी पॉटमध्ये (आवाजाच्या फिरत्या बटणाच्या आत) जाते आणि मग वेगळीच खरखर सुरू होते.

प्रश्न (वेंगुर्ला) : व्हॉक्सचा ५० वॅटचा छोटा एमव्ही५० हा हायब्रिड हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प) घेतला. १६ ओहमच्या कॅबिनेटवर (स्पीकरच्या पेटीवर) दबका वाजतो. पीस खराब आहे का?

उत्तर : नाही. ते ५० वॅट ४ ओहमवर. ८ ओहमवर २५ आणि १६ वर साडेबाराच मिळतात. अशा ट्रान्झिस्टरच्या पॉवर टप्प्याला व्हॉल्व्हसारखा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे ओहम दुप्पट की वॅट निम्मे. ८ ओहमचे दोन कॅबिनेट पॅरलल जोडलेत तर ४ ओहम होतात, त्याखाली जाऊ नका. पैसे वाचवायचे असतील तर ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॅटला किती मोठा वाजतो त्याचं माप) जागी १०० डेसिबलचा, ८ ओहमचा स्पीकर पाहा, तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वॅट घेतल्यासारखंच. आणि हेड ते कॅबिनेट गिटारची केबल वापरत असाल तर आजच बदला. तिची आतली तार केसाएवढी असते.