जुन्या फ्रिजच्या निमित्ताने

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले आणि मी ते दोन वेळा सावकाश वाचले. कमी खर्चात आणि निसर्गावर कमी भार टाकून राहायचे, असे ठरवून तुला सहा महिने झाले. एवढ्या अवधीत तू इतका दमला आहेस की साबणाची वडी घेतानाही मनात वाद घालत उभा राहतोस, हे वाचून मला काळजी वाटली. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की घरातला जुना फ्रिज काढून कमी वीज लागणारा नवा घ्यावा का. तुझ्या दमण्याचे मूळ मला याच प्रश्नात दिसते. नवा घेतला तर साठवलेले पैसे जातात आणि चालती वस्तू भंगारात निघते. जुना ठेवला तर रोज जास्त वीज जाते आणि त्याची टोचणी लागून राहते. फ्रिजचे उत्तर मी शेवटी देईन, कारण ते उत्तर ज्या पद्धतीने काढायचे ती पद्धत तुझ्या हाती लागली तर पुढचे शंभर प्रश्न तुझे तूच सोडवशील.

काटकसर आणि पर्यावरणाची काळजी या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे समजून तू निघालास. बरीच वाट त्या सोबतीने चालतात, यात शंका नाही. न घेतलेली वस्तू, न जाळलेले इंधन, चार वर्षे जास्त टिकवलेला सदरा यांत खिशाचाही फायदा होतो आणि हवापाण्याचाही. परंतु पुढे काही ठिकाणी फाटा फुटतो. स्वस्त म्हणून घेतलेला कपडा सहा महिन्यांत विरतो. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकली जाणारी वस्तू दुप्पट पैसे घेते आणि बहुधा तिची गरजच नसते. असा फाटा आला की कोणत्या वाटेने जायचे हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजण्याऐवजी तू अपराधी वाटून घेत राहिला आहेस.

मीही तुझ्या वयात हीच चूक केली. प्लॅस्टिक वाईट हे डोक्यात भिनल्यावर मी घरातले सगळे प्लॅस्टिकचे डबे एका दिवसात बाहेर काढले आणि त्यांच्या जागी काचेचे व स्टीलचे नवे डबे आणले. जुन्या डब्यांपैकी निम्म्यांत धान्य, खिळे, दोरे असे कितीतरी सामान आणखी दहा वर्षे सहज राहिले असते. ते डबे तयार करताना जो काही धूर व्हायचा तो केव्हाच होऊन गेला होता. मी फेकल्यामुळे त्यातला कणभरही परत आला नाही, उलट काच आणि स्टील वितळवण्याच्या नव्या धुराची भर पडली. गरम पदार्थ जुन्या डब्यांत ठेवू नयेत, एवढी दक्षता पुरेशी होती. पिशव्यांचेही असेच आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली निरनिराळ्या पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला. त्यात असे दिसले की साध्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी केवळ हवामानाच्या दृष्टीने बरोबरीला यायलाही किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाण्यापासून ओझोनपर्यंतचे सगळे परिणाम धरले तर हजारो वेळा. उघड्यावर पडून नाल्यांत आणि समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा विचार त्या हिशेबात नव्हता, हे लक्षात ठेव. म्हणून प्लॅस्टिकची पिशवी चांगली असा अर्थ त्यातून काढू नकोस. अर्थ एवढाच की कापडी पिशव्या दोनच असाव्यात आणि त्या विरेपर्यंत वापराव्यात. तुझ्याकडे अकरा आहेत, असे तूच लिहिले आहेस.

आता विजेकडे आणि इंधनाकडे वळतो, कारण तुझा बराचसा शीण इथे चुकीच्या ठिकाणी खर्च होतो आहे. मोबाइलचा चार्जर बटणाला तसाच राहिला म्हणून तू रात्री उठून तो काढतोस. तो जरूर काढावा, पण त्याचे वजन किती ते पाहा. काही न जोडलेला आजकालचा चार्जर साधारण ०.२ वॅट वीज घेतो, म्हणजे दिवसाला पाच वॅट-तासांहूनही कमी. याउलट वीस लिटर पाण्याची एक बादली २५ अंशांनी तापवायला सुमारे ५८० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहून अधिक वीज लागते. चार महिने तो चार्जर तसाच राहिला तरी एका बादलीइतकी वीज जाईल. आंघोळीचे पाणी पाच अंश कमी तापवलेस, किंवा बादलीतले चार लिटर कमी केलेस, तर एका दिवसात जी बचत होते ती चार्जरच्या मागे लागून तीन आठवड्यांतही होणार नाही. थेंबे थेंबे तळे साचते हे खरेच, पण थेंब वेचत असताना नळ कुठे उघडा आहे ते आधी पाहावे.

घरात नळ उघडा असतो तो बहुतेक वेळा उष्णतेचा. जी जी वस्तू काहीतरी तापवते किंवा थंड करते ती ती जास्त ऊर्जा घेते. जी नुसता प्रकाश, आवाज किंवा वारा देते ती त्या मानाने फार थोडी. म्हणून स्वयंपाकघरापासून सुरुवात कर. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी उकळत ठेवून पूर्ण वाफ करून टाकायला जवळजवळ २,२६० किलोज्यूल, म्हणजे सात पट. उकळी फुटल्यानंतर आच मोठी ठेवली तरी उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. अन्न लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त जाते आणि तिच्याबरोबर तुझे पैसे जातात. झाकण ठेवून आच अगदी बारीक कर. प्रेशर कुकरची गोष्ट वेगळी आहे; आतला दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि अन्न खरोखरच लवकर शिजते. कडधान्य रात्रभर भिजवले तर आणखी वेळ वाचतो, आणि भिजवायला इंधन लागत नाही.

कपडे वाळवण्याचा नियमही याच शास्त्रातून निघतो. ओल्या कपड्यांत एक लिटर पाणी उरले असेल तर ते यंत्राच्या उष्णतेने उडवायला अर्ध्या युनिटाहून जास्त वीज लागते, आणि ऊन-वारा तेच काम फुकट करतो. धुलाई यंत्र गरम पाणी वापरत असेल तर त्याची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, ड्रम फिरवण्यात नव्हे. म्हणून रोजचे कपडे थंड पाण्यात धुवावेत. दिव्यांबद्दल फार लिहीत नाही. जुन्या ६० वॅटच्या तापणाऱ्या बल्बइतका प्रकाश ९ वॅटचा एलईडी देतो, तो एकदा लावला की विषय संपतो.

अन्नाकडे मात्र तू पुरेसे लक्ष दिलेले नाहीस असे मला वाटते. स्वस्त मिळाले म्हणून भरपूर आणायचे आणि आठवड्याने टाकून द्यायचे, ही काटकसरीच्या वेषातली उधळपट्टी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात साली-बियांसकट सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. ते अन्न पिकवताना लागलेले पाणी, खत, वाहतूक सारे तर गेलेच. शिवाय कचऱ्याच्या ढिगात हवा न मिळता ते कुजते तेव्हा मिथेन वायू निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. नवे सामान आणण्याआधी शिल्लक काय आहे ते पाहून त्यातूनच दोन वेळचे जेवण ठरवावे, एवढी एक सवय लागली तरी खूप झाले. उरलेल्या साली-देठांचे खत कर. तुझ्या खताच्या कुंडीला वास येतो म्हणून तू ती बंद केलीस. वास येतो याचा अर्थ ओलावा जास्त झाला आणि हवा पोहोचत नाही. प्रत्येक ओल्या थराबरोबर वाळलेली पाने किंवा फाडलेला पुठ्ठा भरपूर घाल, आठवड्यातून एकदा खालीवर कर, वास जाईल.

दुरुस्तीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मला याची मनापासून ओढ आहे. १९२४ च्या डिसेंबरात बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाचा एक संघ स्थापन केला, बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणायचे ठरवले आणि ज्यांचे बल्ब जास्त टिकतील त्यांना दंड लावला. वस्तू लवकर संपावी अशी योजना करता येते, हे त्यावरून दिसते. २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन पुन्हा उपयोगात आणल्याची नोंद आहे. मोबाइलसारख्या वस्तूमागचा बहुतेक धूर ती तयार होतानाच झालेला असतो. नंतरच्या चार्जिंगचा वाटा लहान असतो. तेव्हा बॅटरी उतरली म्हणून फोन बदलू नकोस, बॅटरी बदल. वस्तू घेताना तिची किंमत न पाहता एका वापराला काय पडते ते पाहा, आणि ती उघडता येते का, तिचे सुटे भाग मिळतात का, हे विक्रेत्याला आधी विचार. स्क्रूने जोडलेली वस्तू डिंकाने चिकटवलेल्या वस्तूपेक्षा मला नेहमीच भरवशाची वाटत आली आहे.

एक धोका तुला अजून दिसलेला नाही. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप कमी होण्याऐवजी वाढला. घरातही हेच घडते. वर्षभर दिवे, पाणी, कपडे यांतून पैसे वाचवायचे आणि त्या पैशांतून दूरचा विमानप्रवास करायचा, तर वाचवलेले सगळे आणि त्याच्या कितीतरी पट एका खेपेत जाते. वाचलेल्या पैशांना आधीच काम नेमून ठेव. शिक्षण, औषधपाणी, चांगल्या चपला, दुरुस्तीची हत्यारे, काहीही. आणि पैसे वाचवायचे म्हणून ज्या गोष्टी कधीच करू नयेत त्यांत कचऱ्यातले प्लॅस्टिक जाळणे ही पहिली आहे. तो धूर आधी तुझ्याच घरातल्यांच्या छातीत जातो.

घरातल्यांचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो. तू आईच्या मागे फिरून दिवे बंद करतोस आणि त्यावरून भांडणे होतात, असे लिहिले आहेस. माझ्या घरातही मी हे केले आणि त्याचा परिणाम असा झाला की माझ्या चांगल्या कल्पनाही कोणी ऐकेनासे झाले. दुसऱ्याच्या सोयीतून काटकसर करू नये. तुझी बादली, तुझे कपडे, तुझा प्रवास, यांत तुला पूर्ण अधिकार आहे. तिथे जे साधेल ते घरातल्यांना आपोआप दिसेल. आजारी माणसाचे गरम पाणी, म्हाताऱ्या माणसाचा पंखा, यांना काटकसरीच्या हिशेबाच्या वहीत जागा देऊ नकोस.

वही मात्र ठेव. विजेच्या मीटरचा आकडा रोज ठरावीक वेळी लिही, एवढेच.

आता तुझा फ्रिज. प्लग आणि बटण यांच्यामध्ये बसणारे छोटे वीजमापक यंत्र कोणाकडून तरी आठवड्यासाठी उसने घे. सात दिवसांत किती युनिट गेले ते पाहून त्याला ५२ ने गुण आणि नव्या फ्रिजवर लिहिलेल्या वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहा. त्याआधी तीन गोष्टी कर: मागच्या जाळीवरची धूळ झाड, फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढ, आणि दारात कागद अडकवून दार बंद कर. कागद सहज निघून आला तर दाराचे रबर सैल झाले आहे, ते बदलून मिळते. आतले तापमान ४ अंशांच्या आसपास असू दे, त्याहून कमी नको. एवढे करून फरक वर्षाला थोडक्याच युनिटांचा निघाला, तर जुनाच चालव आणि मनातून विषय काढून टाक. फरक दुपटीचा किंवा त्याहून मोठा असेल तर नवा घे, पण गरजेपेक्षा मोठा नको, आणि जुना ‘असू दे जादा म्हणून’ दुसऱ्या खोलीत चालू ठेवू नकोस. तो देताना त्यातला वायू काढून घेण्याची सोय असलेल्या ठिकाणीच दे; जुन्या फ्रिजमधले कित्येक वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरतात, आणि नळी कापून ते हवेत सोडले तर तुझी वर्षानुवर्षांची बचत एका दुपारी उडून जाईल.

सात दिवसांचा आकडा निघाला की मला कळव. रबराचे काय झाले तेही लिही.

तुझा शुभचिंतक