गुलाम न केल्याबद्दल

प्रश्न : साठ लाख ज्यूंची कत्तल झाल्यावरही जे वाचले ते देवापुढे कसे उभे राहिले? आणि ज्यांची श्रद्धाच संपली, तेही स्वतःला ज्यू का म्हणवत राहिले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आधी आठवलं ते लिथुआनियातलं कोवनो. १९४१ साली तिथल्या ज्यूंना नाझींनी घेट्टोत, म्हणजे कुंपण घातलेल्या वस्तीत, कोंडलं. तरीही लोक धर्मशास्त्राच्या शंका घेऊन एफ्राइम ओश्री या तरुण रब्बींकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे, येत. शंका आणि निर्णय ते सिमेंटच्या पिशव्यांच्या फाटक्या कागदावर टिपून डब्यांत घालून पुरून ठेवत. युद्धानंतर ते कागद उकरून काढले आणि छापले.

रोज सकाळी ज्यू पुरुष देवाचे आभार मानतो, 'तू मला गुलाम केलं नाहीस.' एकानं विचारलं, बंदुकीच्या धाकाखाली वेठीला जुंपलेल्या माणसानं हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? ओश्रींचा निर्णय : म्हणायचंच. हे आभार शरीराच्या मोकळेपणाबद्दल नाहीत, धर्माज्ञा पाळायला बांधील असण्याबद्दल आहेत. आणि कैदेत तर ते सोडताच कामा नयेत. देवानं हे का होऊ दिलं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणूनच मला तो निर्णय खरा वाटतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला एमिल फाकनहाइम भिडले. जन्म जर्मनीतल्या हाले गावचा, १९३८ मध्ये झाक्सनहाउझन छळछावणी भोगलेली, पुढे टोरांटोत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. तोराह या ज्यूंच्या धर्मग्रंथात ६१३ आज्ञा मानतात. १९६७ साली त्यांनी ६१४वी मांडली : मेलेल्या हिटलरला आणखी विजय मिळवून देणं ज्यूला निषिद्ध आहे. ही आज्ञा श्रद्धाळूला आहे तशी नास्तिकालाही. ज्यूपण टाकून दिलं, तर हिटलरचं अर्धवट राहिलेलं काम आपणच पुरं केलं असं होईल.

ज्यू तत्त्वज्ञ मायकेल विशोग्रोड यांना हे पटलं नाही. मलाही पुरतं पटत नाही. मी कोण, हे माझ्या मारेकऱ्यानं का ठरवावं?

ठाण्यातली माझी एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मैत्रीण शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावते. तिचं घराणं कोकणातलं, त्या संहाराची झळ त्यांना लागली नव्हती. फाकनहाइम यांचं म्हणणं मी तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग वात सारखी करत म्हणाली, "आमची आजी लावायची, म्हणून मी लावते."