जूनमध्ये लेक मीडला जावं का?

प्रश्न : मुलगा लास वेगासला असतो. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे चाललो आहोत. लेक मीड तिथून जवळ आहे म्हणे. आठ वर्षांच्या नातवाला हवा भरलेल्या ट्यूबवर पाण्यात खेळायचंय. हिचे गुडघे दुखतात. जायला हरकत नाही ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर जा. पण ट्यूब घरी ठेवा, आणि उजाडतानाच जा.

मी लेक मीडपासून अर्ध्या तासावर, हेंडरसनला राहते. माझी लेक दहा वर्षांची असताना एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही बोल्डर बीचवर होतो. ती फुगवलेल्या गादीवर, अगदी काठाशी. मी डबे उघडत होते. काठाकडून तळ्याच्या दिशेने वारा सुटला, आणि मान वर करून पाहते तर गादी पार आत गेलेली. तिचे बाबा पोहत निघाले, पण अर्ध्यातून दमून परतले. मासे धरायला आलेल्या दोघांनी तिला बोटीतून आणून दिलं. तिच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. त्या दोन माणसांना मी आजही विसरलेले नाही. या काठावर जीवरक्षक नसतात. म्हणून नातवाला त्याच्या मापाचं जॅकेट घाला, गुडघाभर पाण्यातसुद्धा. तळाशी वाळू कमी आणि दगडगोटे फार, तेव्हा पायात पाण्यात चालतील असे बूट हवेत.

जूनमध्ये दुपारी पारा ४३ अंशांवर जातो. साडेपाचच्या सुमारास उजाडतं. साडेनऊला सामान गाडीत हवं. माणशी चार लिटर पाणी घ्या.

वहिनींसाठी जुन्या रेल्वेची वाट उत्तम. लेक मीड हे हूवर धरणामुळे साठलेलं तळं. त्या धरणाचं सामान नेण्यासाठी १९३१ मध्ये रूळ टाकले होते, त्यामुळे ती जवळजवळ सपाट आहे. पुढे पाच मोठे बोगदे आहेत. सगळे झालेच पाहिजेत असं नाही. डावीकडे तळं बघत जमेल तेवढं चालावं. तिथून नातवाला डोंगरांवरचा पांढरा पट्टा दाखवा. पाणी उतरलं तसा त्यातल्या क्षारांचा थर खडकावर उरला. १९८३ मध्ये हेच पाणी सांडव्यावरून वाहिलं होतं. २०२२ च्या जुलैत पातळी साधारण १,०४० फुटांपर्यंत खाली आली. भरलेल्या तळ्यापेक्षा जवळजवळ १९० फूट कमी! म्हणूनच बोट भाड्याने घेणार असाल तर बोटी सोडण्याचा कोणता उतार चालू आहे, ते मुलाला आदल्या दिवशी पाहायला सांगा.

सेंट थॉमस नावाचं गाव १९३८ मध्ये या पाण्याखाली गेलं. आता त्याचे पाये उघडे पडलेत. माझं माहेर इंदापूरकडचं, उजनी आटली की पळसदेवचं देऊळ वर येताना पाहत वाढले, त्यामुळे तिथे गेले की माझा पाय निघत नाही. पण त्या वाटेवर सावली अजिबात नाही. जूनमध्ये नको, पुन्हा थंडीत याल तेव्हा.

मुलगा कदाचित धरणाखाली विलो बीचहून कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊ म्हणेल. तिथलं पाणी धरणाच्या खोल थरातून येतं, भर उन्हाळ्यातही १२ अंशांच्या आसपास. बाहेरच्या उकाड्यातून माणूस त्यात पडला तर श्वासच अडकतो. नातवाला या खेपेला त्यात नेऊ नका.