वीज पडते कुठे, मारते कशी? वाचकांच्या शंका

प्रश्न : वळवाच्या पावसात आमच्या भावकीतली बैलजोडी चिंचेखाली बांधलेली होती. वीज चिंचेवर पडली, दोन्ही बैल जागीच गेले. थोडा लांब उभा असलेला गडी मात्र वाचला. वीज झाडावर पडली, मग बैल कसे मेले? (एक शेतकरी, बीड जिल्हा)

झाडावर पडलेली वीज झाडातच जिरत नाही. खोडातून उतरून ती बुंध्याभोवतीच्या जमिनीत पसरते. बुंध्यापाशी विजेचा दाब सर्वांत जास्त, जसजसं लांब जावं तसतसा कमी. बैलाचे पुढचे पाय बुंध्याकडे आणि मागचे चार-पाच फूट मागे असले, तर दोन्हींखालच्या दाबात मोठा फरक पडतो. प्रवाह पुढच्या पायांतून चढतो, मागच्या पायांतून उतरतो आणि वाटेत हृदय येतं. गडी लांब होता, शिवाय माणसाच्या दोन पावलांत अंतर कमी. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये ३२३ रेनडिअर एकाच वादळात मेले, ते बहुधा असेच.

माणसाला झाडाखाली आणखी एक धोका. खोडापेक्षा आपल्या अंगातून वीज सहज वाहते, म्हणून ती खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते. तेव्हा जनावरं झाडाखालून सोडा आणि स्वतः भिजत का होईना, पक्क्या घराची किंवा बंद काचांच्या चारचाकीची वाट धरा. चार खांबांवरचं पत्र्याचं खोपटं उपयोगाचं नाही. माळावर अडकलातच तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. त्यानं धोका थोडा कमी होतो, टळत नाही.

प्रश्न : खिशातला मोबाइल वीज ओढतो का?

नाही. वीज ढगातून सुमारे ५०-५० मीटरचे टप्पे घेत उतरते आणि जमिनीजवळ आल्यावरच तिची जागा ठरते. तिथे आसपासची उंच, एकटी वस्तू महत्त्वाची. खिशातल्या मोबाइलला तिच्या लेखी किंमत नाही. उलट तो चालूच ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास विजा कुठे पडताहेत ते दाखवतं. चार्जरला जोडलेला फोन मात्र हातात धरू नका, वीज घराच्या वायरिंगमधून येऊ शकते.

प्रश्न : माझा मुलगा पायाळू आहे. विजा चमकू लागल्या की सासूबाई त्याला माजघरातून हलू देत नाहीत. त्याची बहीण मात्र गच्चीवरचं वाळवण काढायला जाते. पायाळूवर खरंच वीज पडते का?

जन्मताना आधी पाय आले की डोकं, याचा विजेशी काडीचा संबंध नाही. ढगात बर्फाचे हलके कण आणि छोट्या गारा एकमेकींवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. वीज तिथे जन्मते. सासूबाईंची काळजी मात्र वाया घालवू नका, ती लेकीकडेही वळवा. तुमच्या घरात आज धोका आहे तो तिला. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, मग पावसाचा थेंब नसला तरी. चमक आणि आवाज यांत ३ सेकंद गेले तर ती साधारण १ किलोमीटरवर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणीच गच्चीवर जायचं नाही. वाळवण भिजलं तर भिजलं.

प्रश्न : शाळेवर वीजरोधक बसवला आहे. गाव सुरक्षित झालं ना?

शाळा झाली. सळईचं संरक्षण साधारण तिच्या उंचीच्या घेरापुरतं, तेही जमिनीत पुरलेलं अर्थिंग शाबूत असेल तर.

प्रश्न : वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो का?

नाही, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. शेणात किंवा मातीत पुरण्यात मोलाची मिनिटं जातात. एकानं १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्यानं श्वास पाहायचा. नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. अनेकांना झटका बसला असेल, तर विव्हळणाऱ्यांच्या आधी निपचित पडलेल्याकडे धावा. विव्हळणाऱ्याचा श्वास चालू आहे. निपचिताचं बंद पडलेलं हृदय वेळेवर दाबल्यास पुन्हा सुरू होऊ शकतं.