जर्मनीतली सेवा संपताना: सहल, खोकी आणि अनामत

प्रश्न: जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात केंद्रीय स्वयंसेवा योजनेतून माझी १८ महिन्यांची सेवा ३१ ऑगस्टला संपतेय. खात्यात २,९०० युरो आहेत, खोलीची अनामत ७२० युरो. पेन्शनपोटी भरलेले सुमारे १,५०० युरो परत मिळतील असं मैत्रीण म्हणते. सप्टेंबरमध्ये १,२०० युरो घालून तीन आठवडे युरोप फिरू का? दोन खोकी टपालाने पाठवायला १९० आणि निरोपाच्या जेवणाला १५० लागतील. परतीचं तिकीट ५८० युरो. गावी शैक्षणिक कर्ज २.८० लाख, व्याज १०.५ टक्के. माझी ११ दिवसांची रजा शिल्लक आहे.

उत्तर: जरूर फिरा, पण सप्टेंबरमध्ये नाही, ऑगस्टमध्ये. रजेवर असताना सेवेबद्दल मिळणारा तुमचा हातखर्च आणि आरोग्यविमा दोन्ही चालू राहतात आणि निवासपरवाना ज्या कारणासाठी मिळाला ते कारणही शाबूत असतं. १ सप्टेंबरपासून हातखर्च आणि सेवेतून मिळणारा विमा थांबेल, परवान्याची तारीख तपासावी लागेल आणि राहण्याची सोयही स्वतःच करावी लागेल. ११ दिवसांना लागून येणाऱ्या सुट्ट्या धरल्या की दोन आठवडे होतात, ५०० युरोत सहल बसवा. ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच रजा हवी असते, म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या.

पेन्शनचे १,५०० युरो हिशोबातून काढून टाका. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना वर्गणीचा परतावा मिळू शकतो, पण देश सोडल्यावर २४ महिने थांबावं लागतं आणि विमेदाराने स्वतः सोसलेला हिस्साच मिळतो. स्वयंसेवेत पूर्ण वर्गणी संस्थाच भरते, त्यामुळे तुमचा स्वतःचा हिस्सा शून्य. मात्र ते महिने वाया जात नाहीत. पुढे तिथे नोकरी केलीत तर पेन्शनसाठी लागणाऱ्या किमान ६० महिन्यांत ते धरले जातात. पेन्शन विमा क्रमांकाचा कागद पासपोर्टसोबत ठेवा.

अनामत तुमचीच आहे, पण ती सप्टेंबरात हाती येईल असं समजू नका. घरमालक हिशोबाला साधारण तीन ते सहा महिने घेतो आणि हीटिंगचं वार्षिक बिल यायचं असेल तर त्यापोटी थोडी रक्कम राखून ठेवू शकतो. पैसे अडकतात ते बहुधा खोली सोडतानाच्या ढिलाईमुळे. ३१ ऑगस्टला करार संपवायचा तर नेहमीच्या भाडेकरारात नोटीस जूनच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचलेली असावी लागते, तीही कागदावर हाताने सही केलेली. ईमेल चालत नाही. चुकलात तर आणखी एक भाडं. खोली देताना भिंती, फरशी, मीटरचे आकडे यांचे फोटो काढा, किल्ल्या मोजून द्या आणि दोघांच्या सहीचा हस्तांतरण-कागद घ्या. निवासनोंद रद्द करणं, ज्याला तिथे आबमेल्डुंग म्हणतात, हे खोली सोडण्याआधी एक आठवडा ते नंतर दोन आठवडे एवढ्याच काळात होतं. मोबाइल आणि रेडिओ-टीव्ही शुल्क बंद करायला तोच दाखला मागतात.

अनामत येईपर्यंत जर्मन खातं बंद करू नका, त्यात ३०० युरो ठेवा. निघण्याआधी बँकेला भारतातला पत्ता द्या आणि व्यवहार मंजूर करणारं अॅप भारतातल्या नंबरवर चालेल याची खात्री करा. नाहीतर पैसे खात्यात असूनही हात लावता येत नाही.

या खात्यामुळे भारतात एक काम वाढतं. आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे भरले की तुम्ही करासाठी निवासी ठरता, आणि दीड वर्षाच्या गैरहजेरीने 'सामान्य निवासी' (ज्याला परदेशातलं उत्पन्न आणि मालमत्ताही दाखवावी लागते) हा दर्जा जात नाही. त्यामुळे आयटीआर-१ हे प्राप्तिकराचं सोपं विवरणपत्र चालत नाही, परदेशी मालमत्तेचा तक्ता असलेलं विवरणपत्र भरावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतची परदेशी मालमत्ता दाखवण्यातल्या चुकीला १० लाखांचा दंड नाही, पण माहिती द्यावीच लागते. एप्रिल ते ऑगस्टचा हातखर्चही त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवा. जर्मनीत तो करमुक्त असला तरी.

खोकी पाठवू नका. टपालाने येणाऱ्या सामानाला सोबतच्या बॅगेची शुल्कसवलत मिळत नाही, आणि जुने स्वेटर १९० युरोंचे नसतात. विमानाची जादा बॅग साधारण ८० युरोत मिळाली तर तीच घ्या. उरलेले कपडे तिथेच गरजूंना द्या.

निरोपाचे १५० युरो मात्र कापू नका. ज्या आजी-आजोबांची दीड वर्ष सेवा केलीत, त्यांच्यासोबतचं जेवण या यादीतला सर्वांत योग्य खर्च आहे. फक्त आहार सांभाळणाऱ्यांना आधी विचारा, कारण मधुमेह आणि गिळण्याचा त्रास असलेल्यांचं जेवण वेगळं असतं.

आता गोळाबेरीज, १ युरो १०० रुपये धरून. २,९०० मधून तिकीट ५८०, जेवण १५०, सहल ५००, बॅग ८० आणि खात्यातले ३०० वजा केले की १,२९० युरो उरतात. त्यातले ७५० म्हणजे ७५,००० रुपये बचत खात्यात ठेवा, नोकरी मिळेपर्यंतच्या तीन महिन्यांच्या खर्चासाठी आणि कर्जाच्या हप्त्यांसाठी. हप्ता चुकला तर सिबिलला धक्का बसतो, म्हणून हे आधी. राहिलेले ५४० युरो, साधारण ५४,००० रुपये, कर्जात भरा. वर्षाचं सुमारे ५,६७० रुपये व्याज वाचेल. भरताना बँकेला लेखी सांगा की ही रक्कम मुद्दलात जमा करावी, नाहीतर ती पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून धरली जाऊ शकते. अनामत आली की तीही तिथेच.