कंपन्यांना पटवायला निघालीस, तर आधी एवढंच कर
अगं, कंपन्यांनी इंजिनिअरिंगच्या नोकऱ्यांत जास्त बायका घ्याव्यात म्हणून त्यांना पटवायचं, छान काम हाती घेतलंस! पहिल्याच भेटीत समानतेवर भाषण मात्र नको. एचआरवाले मान डोलावतात आणि विसरतात. एकच रिकामी जागा धर, तिची जाहिरात मागून घे. ‘सलग पाच वर्षांचा अनुभव’ ही अट बाळंतपणानंतर परतणाऱ्या इंजिनिअरला दारातच अडवते. ती काढायला लाव.

मग विचार:
- मुलाखत घेणाऱ्यांत एक तरी बाई आहे का?
- पाळणाघर? ५० किंवा अधिक कर्मचारी असले की कायद्यानं ते द्यावंच लागतं.
- दुसऱ्या पाळीनंतर घरी सोडायला गाडी?

‘मुलींचे अर्जच येत नाहीत’ हे हमखास ऐकशील. तेव्हा जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या शेवटच्या वर्षाच्या इच्छुक मुलींची यादी पुढे ठेव. मी दोन वर्षं यादीशिवाय फिरले, हात हलवत परतले. बढती, पगारातली तफावत हे विषय पुढच्या वर्षी.